पोलीस भरतीचा सराव: आठवड्यातून एक दिवस खाडा केला तर दम तुटतो का?

खाकी_१६००

शिपाई भरतीचं मैदान (शारीरिक चाचणी) तीनेक महिन्यांवर आहे असं धरून सराव चालू आहे. वय २२, वजन ६३ किलो. आजचे आकडे: १६०० मीटर ५ मिनिटं ४४ सेकंद, १०० मीटर १३.१ सेकंद, गोळा ७.४० मीटर. महिन्यापूर्वी १६०० ला ५:३६ लागत होते, म्हणजे वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

वेळापत्रक: पहाटे पावणेपाचला उठणं. सव्वापाच ते सात डांबरी रस्त्यावर ५ किलोमीटर आणि लगेच मैदानावर १६०० ची ट्रायल, रोज. संध्याकाळी १०० मीटरच्या ८-१० स्प्रिंट (मध्ये एक मिनिट थांबून), गोळ्याच्या ३०-४० फेकी, २०० बैठका, १०० जोर. सातही दिवस. रात्री अभ्यासिका बाराला बंद होते.

दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतात. पळायला लागलं की दुखतं, अंग तापलं की कमी होतं, संध्याकाळी परत ठणकतं. सगळे म्हणतात खाडा करू नको, दम तुटेल, पाय जड होतील. तर आठवड्यात सुट्टी घ्यावी का? घ्यायची तर कधी, आणि त्या दिवशी करायचं काय? नडगीवर उपाय काय?

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

आधी आकडे बघू. पूर्ण २० गुणांसाठी ५:१० लागतात, म्हणजे ४०० चा प्रत्येक राऊंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. तुमचा राऊंड सध्या ८६ ला बसतोय. ५ किलोमीटर पळून थकलेल्या पायांनी रोज ट्रायल दिली की पाय रोज ८६ चाच वेग शिकतात. ७७ चा वेग त्यांना आठवड्यात एकदाही बघायला मिळत नाही. रोज पेपर सोडवायचा आणि धडा कधीच वाचायचा नाही, असं चाललंय. ट्रायल पंधरा दिवसांतून एकदा, तीही आदल्या दिवशी आराम करून.

दम तुटण्याची भीती अवास्तव आहे. सलग दहा-बारा दिवस काहीच केलं नाही तर दम मोजण्याइतका उतरायला लागतो. ताकद त्याहून जास्त टिकते. एका-दोन दिवसांत काही जात नाही. सुट्टीनंतर पाय जड वाटतात हे मात्र खरं, पण त्याचं कारण वेगळं आहे. रिकाम्या झालेल्या स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, परत भरते आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन सोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ते जडपण म्हणजे टाकी भरल्याची खूण आहे. दहा मिनिटं हलकं पळून ६०-८० मीटरचे चार मोकळे झोत (छोट्या वेगवान धावा) मारले की उतरतं. पोरं नेमकं तेच जडपण बघून ‘खाडा बाधला’ म्हणतात.

आता संध्याकाळच्या स्प्रिंट. पहिल्या सहा-आठ सेकंदांच्या जोराला जे इंधन लागतं (क्रिएटिन फॉस्फेट) ते संपलं की निम्मं भरायला साधारण अर्धं मिनिट लागतं, पण जवळजवळ पूर्ण भरायला ३ ते ५ मिनिटं जातात. एका मिनिटात पुन्हा पळालात की तिसरी-चौथी स्प्रिंट खरी स्प्रिंट राहतच नाही, तो दमाचा व्यायाम होतो. १०० ला १५ पैकी १५ गुण ११.५० सेकंदांना आहेत. तिथे जायचं तर प्रत्येक झोत पूर्ण ताकदीचा हवा. ढोबळ हिशेब: दर १० मीटरला एक मिनिट थांबणं. ३० मीटरनंतर ३ मिनिटं, ६० नंतर ५-६ मिनिटं. थांबताना बसू नका, चालत राहा.

असा आठवडा लावा:

सोमवार: ४०० मीटर × ५, प्रत्येकी ८०-८२ सेकंद, मध्ये ३ मिनिटं चालणं. चौथा राऊंड ८६ च्या वर गेला तर पाचवा मारू नका. संध्याकाळी काही नाही.
मंगळवार: ५ किलोमीटर हलकं, किलोमीटरला साडेपाच ते सहा मिनिटं. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे; धाप लागली तर वेग चुकला.
बुधवार: ३० मीटर × ४, ६० मीटर × ३, मग गोळ्याच्या २० फेकी, शेवटी बैठका.
गुरुवार: ३० मिनिटं चाल किंवा विहिरीत पोहणं. बस.
शुक्रवार: २०० मीटर × ८, प्रत्येकी ३८-३९ सेकंद, मध्ये दीड मिनिट. ट्रायलच्या आठवड्यात याऐवजी ट्रायल.
शनिवार: ५ किलोमीटर हलकं, गोळ्याच्या २० फेकी, जोर.
रविवार: पूर्ण आराम.

तीन आठवडे हे वाढवत न्या, चौथ्या आठवड्यात सगळ्याचं प्रमाण साठ टक्क्यांवर आणा. ४०० चे पाच असतील तर तीन, ५ किलोमीटर असेल तर ३. वेग तोच ठेवा.

रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि वहीत लिहा. दोन आठवड्यांत तुमची नेहमीची संख्या कळेल. लागोपाठ दोन दिवस ती सात-आठ ठोक्यांनी जास्त आली, वर झोप उडालेली आणि चिडचिड असेल, तर त्या दिवशी राऊंडच्या जागी हलकं पळणं घ्या.

नडगी_पोटरी_घोटा

वरचं वेळापत्रक उत्तम आहे, पण या नडग्यांनी ते सोमवारी सुरू करू नका. आधी दुखणं नक्की कुठलं ते ठरवा. खुर्चीवर बसा. नडगीच्या हाडाची आतली कडा घोट्यापासून वरपर्यंत अंगठ्याने दाबत जा.

चार बोटं किंवा त्याहून जास्त लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडावर आणि त्याच्या आवरणावर आलेला ताण आहे. तुमचं वर्णन याच प्रकारात बसतं.

एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात बोट ठेवताच कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, त्या पायावर एकट्याने उडी मारल्यावर सणक जात असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्या आणि पळणं त्याच दिवशी थांबवा. एक्स-रे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पुष्कळदा स्वच्छ येतो. ‘एक्स-रेत काही नाही’ म्हणून मैदानावर परतणारे इथेच फसतात. हाडाच्या डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. चीर निघाली तर सहा ते आठ आठवडे पळणं नाही.

पळताना पोटरी दगडासारखी घट्ट होऊन पाऊल बधिर होत असेल तर ते तिसरंच प्रकरण. तेही डॉक्टरांकडेच.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे सुट्टीचा हिशेब आपोआप सुटेल. दम दोन-तीन आठवड्यांत वाढलेला जाणवतो, स्नायू एक-दोन दिवसांत सावरतो, हाड मात्र सावकाश चालतं. ताण पडला की हाडातल्या पेशी आधी जुना भाग कुरतडून काढतात आणि मग तिथे नवा भरतात. कुरतडण्याचं काम दोन-तीन आठवड्यांचं, भरून पक्कं व्हायला तीनेक महिने. म्हणजे सराव एकदम वाढवल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम सगळ्यात चांगला वाटतो, आणि हाड नेमकं त्याच वेळी पोखरलेलं असतं. नडगीच्या तक्रारी याच सुमारास का येतात, ते यावरून कळेल.

पट्ट्यात दुखत असेल तर पुढचे दहा ते चौदा दिवस पळणं बंद, दम राखण्यासाठी सायकल किंवा पोहणं ३०-४० मिनिटं. एक दिवसाआड: पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाच वर, मग तीन सेकंद मोजत सावकाश खाली. गुडघा सरळ ठेवून १२ चे ३ सेट, गुडघा थोडा वाकवून १२ चे ३ सेट. दुसरा प्रकार पोटरीच्या आतल्या स्नायूसाठी आहे. पळताना नडगीला धक्क्यापासून वाचवण्यात त्याचा मोठा वाटा असतो आणि नेमका तोच कुणी करत नाही. शिवाय भिंतीला पाठ टेकवून, टाचा जमिनीवर ठेवून चवडे वर उचलणं, १५ चे ३ सेट.

अर्धा तास झपाझप चालून दुखलं नाही, आणि एका पायावर टाच उचलणं २० वेळा न दुखता जमलं, की परत पळायला लागा. एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, असं दहा वेळा. मग एक दिवस सोडून दोन-एक असं आठ वेळा, मग चार-एक पाच वेळा, मग सलग २० मिनिटं. दहापैकी दोनच्या वर दुखलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं राहिलं, तर एक पायरी मागे या. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावायला हरकत नाही. त्याने बरं वाटतं, हाड भरून येत नाही.

गवतावरचा

थोडंच सांगतो. डांबरी रस्ता दोन्ही कडांना उतरता असतो. रोज एकाच बाजूने पळालं की एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो. सपाट मातीचं किंवा गवताचं मैदान शोधा. मैदानावरही सगळे डावीकडेच वळतात, त्यामुळे हलक्या दिवशी उलट्या दिशेने राऊंड मारा. बूट ५०० ते ८०० किलोमीटरला बदला. वरून नवे दिसत असले तरी टाचेचा फोम अंगठ्याने दाबून बघा. दबून परत फुगत नसेल तर तो संपला.

खाकी_१६००

अंगठ्याने दाबून पाहिलं, वीतभर पट्ट्यात दुखतं, एका जागी नाही. उडी मारून सणक जात नाही. म्हणजे दोन आठवडे पळणं बंद करतो.

अजून एक विचारायचं होतं. बैठका-जोर चालू ठेवायचे की नाही? अकॅडमीत उशीर झाला की पाचशे बैठकांची शिक्षा असते. आणि नडगीला तेल लावून जोरात मालीश केली तर चालेल का?

लाल_माती

बैठका वाईट नाहीत, रोजच्या २०० वाईट. पैलवान हजारात बैठका मारतात, पण तो आकडा वर्षानुवर्षं थोडा थोडा चढवलेला असतो, आणि त्यामागे खुराक, मालीश, दुपारची झोप हे सगळं असतं. भरतीच्या पोरांनी तालमीतून फक्त आकडा उचलला आणि झोप तिथेच सोडून आले.

गोळ्यासाठी पायांत झटका हवा. ७.२६० किलोचा गोळा साडेआठ मीटर जायला ताकद मांडीतून आणि कमरेतून वर येते, हात शेवटी लागतो. म्हणून आठवड्यातून दोनच दिवस, १०-१५ किलोची पोती खांद्यावर घेऊन १५ बैठकांचे चार सेट, आणि नडगी बरी झाल्यावर जागेवरून लांब उडी ५ × ४. मधे किमान ४८ तास. फेकीही २० च पुरे, दोन फेकींत एक मिनिट. चाळिसाव्या फेकीला कोपर खाली पडतो आणि गोळा ढकलायच्या ऐवजी क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकला जातो. खांदा आणि मनगट तिथेच दुखावतात.

शिक्षेच्या पाचशे बैठकांबद्दल नीट ऐका. सवय नसलेल्या माणसाने एकदम इतक्या मारल्या तर स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातला माल रक्तातून मूत्रपिंडात जातो. मांड्या सुजून टणक झाल्या, गुडघा वाकेना, आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रक्तात सीके (स्नायू फुटले की वाढतं) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं) बघायला सांगा. वाट बघायची नाही, वेदनाशामक गोळी तर अजिबात घ्यायची नाही. गावातून फोन करून ‘पाय फारच भरून आलेत’ एवढंच सांगितलं जातं, लघवीचा रंग कुणी विचारत नाही.

साधं पाय भरून येणं वेगळं. ते दुसऱ्या दिवशी सुरू होतं, एक ते तीन दिवसांत टोकाला जातं, दोन्ही पायांत सारखं असतं आणि हलल्यावर सैल होतं. ते लॅक्टिक ॲसिडमुळे होत नाही. ते ॲसिड तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं. उतारावर पळणं, जिना उतरणं, बैठकीत खाली जाणं, अशा वेळी स्नायू ताणला जात असताना जोर लावतो, त्यात बारीक इजा होते. पाय खूप भरून आले असतील तर २०-३० मिनिटं चाला.

मालीश मांसावर करा: पोटरी, मांडी, कुल्हा, हलक्या हाताने दहा-पंधरा मिनिटं. नडगीच्या हाडावर अंगठा रगडणं बंद. आवरण आधीच सुजलेलं आहे, त्यावर जोर काढून काय मिळणार?

आठशे_चार_किलो

सगळ्यांनी पायांबद्दल लिहिलं, घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही. अभ्यासिका बाराला बंद, उठणं पावणेपाचला. घरी येऊन झोपेपर्यंतचा वेळ वजा केला तर साडेचार तास हातात राहतात. वाढीचं संप्रेरक रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत सगळ्यात जास्त स्रवतं, ग्लायकोजेन भरतं, दुरुस्ती चालते. साडेचार तासांत ते उरकत नाही. साडेसात हा किमान आकडा, सरावाच्या दिवसांत आठ-नऊ. मैदान आधी आणि लेखी नंतर असेल तर हे तीन महिने अभ्यास सकाळी नऊ ते एक आणि चार ते सात असा हलवा, साडेनऊला दिवा बंद. दुपारी तीनच्या आत अर्धा तास डुलकी चालते, त्यापेक्षा लांबवली तर रात्र बिघडते.

खाण्याचा हिशेब: वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, म्हणजे तुम्हाला ९५ ते १००. तीन अंडी १८, अर्धा लिटर दूध १६, ५० ग्रॅम सोया वडी २६, ५० ग्रॅम शेंगदाणे १२, दोन वाट्या घट्ट वरण १२-१३. उरलेलं भाकरी-पोळीतून सहज भरतं. अंडी खात नसाल तर फुटाणे आणि दही वाढवा. मैदानावरून आल्यावर तासाभरात दोन केळी, पेलाभर दूध, मूठभर फुटाणे. भात सोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. रिकामा स्नायू नीट भरायला पोटभर खाऊनही साधारण एक दिवस लागतो, अर्धपोटी दोन दिवसही पुरत नाहीत. उपवासाच्या दिवशी राऊंड ठेवू नका; नवरात्रात नऊ दिवस धरणार असाल तर तो हलका आठवडा समजा.

सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, त्यात लिंबू-मीठ-साखर. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवायचं, ग्लासभर पाण्यात ओतायचं नाही.

मुली वाचत असतील त्यांच्यासाठी: ८०० मीटर २:५० मध्ये आणायच्या नादात जेवण कमी करू नका. सरावाने पाळी तीन महिने आली नाही तर त्याला फिटनेस समजू नये. शरीराला पुरेसं अन्न मिळत नाही असा त्याचा अर्थ बहुधा निघतो, आणि हाडं तिथूनच पोकळ होतात. डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन ठीक दिसलं तरी साठा रिकामा असू शकतो, आणि मग कितीही आराम करा, दुसऱ्या राऊंडला पाय गळतात.

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

दोन आठवडे पळणं बंद, मग दीड-दोन आठवडे पळण्या-चालण्याच्या पायऱ्या, असं धरलं तरी मैदानाआधी आठ आठवडे हातात राहतात. पुरेसे आहेत. पहिले सहा वरच्या वेळापत्रकाचे. नंतरच्या दोनपैकी पहिल्यात अंतर सत्तर टक्के, दुसऱ्यात पन्नास, वेग तसाच. शेवटचे कडक राऊंड मैदानाच्या चार-पाच दिवस आधी, शेवटच्या आठ-दहा फेकी तीन दिवस आधी. आदल्या दिवशी १५ मिनिटं हलकं पळून ६० मीटरचे तीन झोत.

या शेवटच्या दिवसांत ‘आता जोर लावू’ म्हणून काही नवीन करू नका. ट्रायलच्या आधी डायक्लोफेनॅक (वेदनाशामक गोळी) खाऊन पळणंही नको. दुखणं झाकलं जातं, आणि घामाने सुकलेल्या अंगात ती गोळी मूत्रपिंडाला जड जाते. कुणी इंजेक्शन सुचवलं तर सरळ उठून या.

मैदान दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. रात्रभर एसटीत बसून सकाळी गोळा फेकायला उभं राहू नका. आदल्या रात्री टेन्शनने झोप लागली नाही तरी घाबरू नका, त्याआधीच्या दोन रात्री भरून झोपलेल्या असल्या तर चालतं.

आणि एक गोष्ट बहुतेक पोरं विसरतात. त्या दिवशी सगळे प्रकार काही तासांत होतात, मधे तासभर रांगेत बसावं लागतं. एक प्रकार झाला की पाच मिनिटं चाला, मग सावलीत बसा, अंगावर जॅकेट घ्या, घोट घोट पाणी आणि अर्धं केळं. उन्हात उभं राहून दुसऱ्यांच्या वेळा मोजू नका. तुमचा नंबर यायच्या दहा मिनिटं आधी परत अंग तापवा. चेस्ट नंबर पुकारायची वाट बघत थंड पडलेल्या पायांनी १०० पळायला गेलात की मांडीच्या मागे उसण भरलीच म्हणून समजा.

खाकी_१६००

शुक्रवारची ट्रायल पंधरा दिवसांतून एकदा म्हणालात. त्या आठवड्यात सोमवारचे ४०० चे पाच तसेच ठेवायचे का?

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

तीनच मारा. बुधवारी स्प्रिंट नाही, फक्त १५ फेकी. गुरुवारी चाल पण नको, झोपा.